गेटपर्यंत दिसणारं पान

त्या घरात त्याला सगळे जावईबापू म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली नऊ तो सासरीच राहत होता, त्यामुळे या संबोधनातला मान केव्हाच झिजून नुसता उच्चार उरला होता. जावई पाहुणा म्हणून येतो तोवर त्याला जावईबापू म्हणण्यात काही अर्थ असतो. तोच माणूस रोज सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला आणि गॅसचा नंबर लावायला लागला, की शब्द तोच राहतो आणि सूर बदलतो. 'घरजावई' हा शब्द मात्र त्याच्या तोंडावर कधी कोणी उच्चारला नाही. तेवढी त्या घराची सभ्यता होती.

त्याचं काम जिन्याखालच्या खोलीत चाले. तिथे पूर्वी जुनी वर्तमानपत्रं, एक मोडकी सायकल आणि घराचा विजेचा मीटर असे. वर्तमानपत्रं रद्दीत गेली, सायकल भंगारात गेली, मीटर राहिला. आणि त्याला सोबत म्हणून जावई आला. ताठ उभं राहिलं की चौथी पायरी टाळूला लागायची, म्हणून तो त्या खोलीत कधी ताठ उभा राहत नसे. पुढेपुढे इतर खोल्यांतही राहीनासा झाला. लहानसहान लोकांच्या वेबसाइट बनवणं हा त्याचा धंदा. एक दातांचा दवाखाना, एक शिवणक्लास, एक कुत्र्यांना शिस्त लावणारा गृहस्थ. या साइट एकदा लिहिल्या की दुकानाच्या पाटीसारख्या गप्प उभ्या राहतात. त्यांच्यात आपणहून काही घडत नाही. सासूबाईंना कोणी विचारलं, "जावई काय करतात?" तर त्या म्हणत, "खोलीत असतात." हे उत्तर अपुरं होतं, पण चूक नव्हतं.

त्याच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम होता. पान लिहिता लिहिता ते कसं दिसतंय हे पाहण्यासाठी तो वापरायचा. घरच्या वाय-फायवर असलेल्या कुठल्याही फोनवर ठरावीक आकडे टाकले की ते पान उघडे. आणि इकडे त्याने एखादं अक्षर बदलून फाइल सेव्ह केली की तिकडे फोनवरचं पान, कोणी बोटही न लावता, जरासं हलून आपोआप नवं होई. बाहेरच्या जगाला यातलं काही दिसत नसे. जगाला दाखवायचं तर पान बाहेरच्या सर्व्हरवर चढवावं लागतं. त्याला कॉम्प्युटरला दिलेली एक आज्ञा आणि दहा-अकरा मिनिटं पुरतात. स्वयंपाकघरात चव बघणं आणि पाहुण्यांच्या ताटात वाढणं यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

ती आज्ञा द्यायच्या बाबतीत तो फार जपून असे. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंना न विचारता त्याने त्यांची साइट बाहेर टाकली होती आणि तीत 'रविवारी बंद' ऐवजी 'रविवारी सुरू' असं गेलं होतं. त्या रविवारी नऊ माणसं गाल धरून बंद दाराशी उभी राहिली. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फोनवर त्याला जे सुनावलं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्याने नियमच केला: 'फायनल' हा शब्द आल्याशिवाय पान घराबाहेर जाणार नाही. हा त्याच्या आयुष्यातला एकमेव नियम, आणि तो त्याने निष्ठेने पाळला.

खोलीत मीटर असल्यामुळे तिथे रोज सकाळी त्याचे सासरे येत. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत, जावईही. बाबांनी छत्तीस वर्षं वीजखात्यात मीटर वाचायचं काम केलं होतं. शहराच्या एका कडेचे सगळे जिने, सगळी मीटरची खोकी आणि तिथली भुंकणारी कुत्री त्यांना तोंडपाठ होती. त्या सगळ्याला मिळून ते 'माझी लाईन' म्हणत. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी त्यांना नातवंडांची नावं आठवेनाशी झाली, मग मुलांची, मग जेवलो की नाही हे. पण रोज सकाळी आठ वाजता आंघोळ करून, शबनम पिशवी खांद्याला लावून ते जिन्याखाली येत, चष्मा कपाळावर चढवून मीटरला नाक लावत आणि आकडे सांगत.

"चार, शून्य, आठ, सहा, एक. लिहा."

"लिहिलं, बाबा."

पहिल्या वर्षी तो खरंच लिहून घेई. दुसऱ्या वर्षी कागद संपला आणि त्याने नवा आणला नाही. तो नुसतीच कीबोर्डवर चार बटणं वाजवी आणि म्हणे, "लिहिलं." बाबांचं समाधान होई. ते "चला, पुढचा जिना," असं म्हणून स्वयंपाकघरात जात आणि चहा पीत.

त्या मंगळवारी बाबांनी आकडे सांगितले. शिवणक्लासवाल्या बाईंना गुलाबी रंग अजून थोडा गुलाबी हवा होता आणि जावई त्यात गुंतला होता. मान वर न करता तो म्हणाला, "लिहिलं, बाबा."

बाबा गेले नाहीत. उभेच राहिले.

"काय लिहिलंत? वाचून दाखवा."

असं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. त्याने मान वर केली. पडद्यावर गुलाबी रंगाचे पाच चौकोन होते. मीटरकडे बघून आकडे सांगता आले असते, पण मीटरसमोर बाबा उभे होते. "चार, शून्य..." म्हणून तो थांबला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. कामचुकार हाताखालच्या माणसाकडे साहेब पाहतो तसं, फारसं न रागावता. मग त्यांनी पिशवी सारखी केली आणि ते बाहेर पडले. ते स्वयंपाकघरात गेले असं त्याने धरलं. साडेनऊला सासूबाई विचारत आल्या, "चहा गार झाला, कुठे आहेत हे?"

सकाळी काय झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. आधी सांगायला वेळ झाला नाही, आणि नंतर सांगण्याची वेळ राहिली नाही.

दुपारपर्यंत गल्ल्या पालथ्या घालून झाल्या. पोलिसात तक्रार झाली; हवालदाराने वर्णन लिहून घेतलं आणि "वयस्कर माणसं बहुतेक संध्याकाळपर्यंत परत येतात," असं म्हणाला. संध्याकाळ झाली. थोरला मेहुणा, ज्याला सगळे दादा म्हणत, दुसऱ्या उपनगरातून आला. मेहुणीबाई, म्हणजे ताई, नवऱ्याला घरी ठेवून आल्या. दिवाणखान्यात सगळी भावंडं बसली आणि दादा म्हणाला, "जावईबापू, तुमचं ते वेबसाइटचं काहीतरी असतं ना? ते करा की. एरवी करताच."

त्याने तासाभरात पान केलं. वर 'हरवले आहेत', खाली फोटो, त्याखाली वर्णन, शेवटी फोन नंबर. घरच्या प्रोग्रामवर लावून आकडे सगळ्यांना दिले आणि नीट सांगितलं, "हे आत्ता फक्त आपल्या घरच्या वाय-फायवर दिसतं. सगळ्यांनी बघा, फायनल म्हणा, की मी बाहेर टाकतो."

या बोलण्यातला 'दिसतं' एवढा एकच शब्द घरच्यांनी घेतला. ताईंनी तिथल्या तिथे ते आकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवून दिले. दहा मिनिटांत एकतीस जणांनी जोडलेले हात पाठवले. पान उघडून एकानेही पाहिलं नाही, त्यामुळे ते उघडत नाही हे एकालाही कळलं नाही.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या.

"हा फोटो नको हो," ताई म्हणाल्या. "दात नाहीयेत यात. रिटायरमेंटचा घ्या, टायमधला."

"अगं, तो पंधरा वर्षांपूर्वीचा! त्या फोटोतला माणूस शोधायला गेलं तर मीच सापडेन," दादा म्हणाला.

"मग दोन्ही लावा."

त्याने दोन्ही लावले. सेव्ह केलं. दिवाणखान्यातले पाच फोन एकदम हलले आणि पाचांवर बाबा दोनदा दिसू लागले.

"अरे वा!" दादा म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "इथे बसल्या बसल्या? म्हणजे जिकडेतिकडे बदललं?"

"आपल्या फोनांवर," तो म्हणाला.

"तेच ते."

जावई खरं तर तिथे थांबवू शकला असता. पण सगळे त्याच्याभोवती जमले होते. त्याची खुर्ची जिन्याखालून काढून दिवाणखान्याच्या मधोमध आणली होती. सासूबाईंनी न मागता चहा आणून ठेवला होता. 'रंग गव्हाळ' की 'सावळा', उंची पाच सहा की पाच पाच, 'विसरभोळे' म्हणायचं की 'स्मृतिभ्रंश', असं कोणी काही म्हणालं की तो टाइप करी, आणि पाच माणसं श्वास रोखून आपापल्या फोनकडे बघत; पान हललं की सुटकेचा एक सामुदायिक "हां" निघे. 'स्मृतिभ्रंश' ताईंनी काढायला लावलं. "लोक म्हणतील वेड लागलंय." दादाने पुन्हा घालायला लावलं. "मग काय मॉर्निंग वॉकला गेलेत म्हणू?" सासूबाई कोपऱ्यातून दोनदा म्हणाल्या, "ते लाईनवर गेले असतील." सगळ्यांनी ते बाईमाणसाचं हळहळणं समजून सोडून दिलं. ताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"फायनल ना?" त्याने मंगळवारी विचारलं.

"सकाळी एकदा बघू," दादा म्हणाला.

बुधवारी सगळे दिवसभर शोधून आले आणि पुन्हा बसले. आता प्रश्न फोन नंबरचा होता. दादाचं म्हणणं, थोरला मुलगा म्हणून त्याचा नंबर वर हवा. ताईंचं म्हणणं, दादा मीटिंगमध्ये फोन उचलत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

"तू तरी कुठे उचलतेस? तीनदा केला काल."

"मी रडत होते काल!"

बायको, म्हणजे त्या घरातली धाकटी, एवढंच म्हणाली, "कुणाचाही टाका रे, पण टाका." तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. शेवटी त्याने तिन्ही भावंडांचे नंबर एकाच ओळीत बसवले. सेव्ह केलं. फोन हलले. "हां."

"फायनल?"

"ताईचा फोटोखालचा मजकूर अजून यायचाय ना," दादा म्हणाला. "उद्या."

पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं, की त्या क्षणी नियम मोडायला काय झालं होतं. एक आज्ञा, अकरा मिनिटं. उत्तर त्याला माहीत होतं. नियम तर होताच. पण दोन दिवस तो त्या घरातला महत्त्वाचा माणूस होता, आणि काम फायनल झालं की खुर्ची परत जिन्याखाली जाते.

गुरुवारी सकाळी तो स्कूटर घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. दोन बस डेपो, सरकारी रुग्णालय, आणि जिथे ओळख न पटलेल्यांना ठेवतात ती एक थंड खोली. तिथल्या माणसाने "नाही ना यात? मग बरं," म्हणून दार लावलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दादा पंख्याखाली पाय ताणून बसला होता. दमलेला, पण कर्तव्य केल्याच्या मुद्रेने.

"पाचशे पत्रकं छापून घेतली आणि सगळी वाटून आलो," तो म्हणाला. "पोरं लावली चार. खांब, दुकानं, बसथांबे, एक सोडलं नाही. तुम्ही नव्हता, म्हटलं हातावर हात ठेवून कशाला बसा. बघा, एक ठेवलंय तुमच्यासाठी."

पत्रक चांगलं होतं. जाड कागद, मोठं अक्षर. वर 'हरवले आहेत'. खाली टायमधले बाबा. त्याखाली 'सविस्तर माहिती, दुसरा फोटो व संपर्क क्रमांकांसाठी पाहा', आणि त्याखाली, अर्ध्या पानाएवढे ठळक, त्याच्या घरच्या प्रोग्रामचे आकडे: १९२.१६८.१.७:४०००.

"नंबर?" तो म्हणाला. "फोन नंबर कुठे आहे यावर?"

"अहो, साइटवर आहेत ना तिन्ही! पत्रकावर कुणाचा टाकायचा म्हणून पुन्हा वाद नको, म्हणून म्हटलं थेट साइटच द्या. ताईपण हो म्हणाली." दादाने हे अशा सुरात सांगितलं, की आजवरच्या आयुष्यात दोघा भावंडांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं आहे आणि ते साजरं व्हायला हवं. तसं ते खरंही होतं.

"हे बाहेर उघडत नाही, दादा."

"उघडत नाही काय? हे बघा!" दादाने फोन पुढे केला. पान होतं.

"माझ्याबरोबर या जरा."

दोघे फोन हातात धरून बाहेर निघाले, मागून ताई, तिच्यामागे बायको. अंगणात पान उघडत होतं. गेटाशी उघडत होतं. गेट ओलांडून रस्त्याच्या खांबापाशी आले तेव्हाही दादाच्या पडद्यावर बाबा होते.

"दिसतंय की!"

"आधीचं आहे ते. खाली ओढा. नवं करून बघा."

दादाने अंगठ्याने पान खाली ओढलं. बारीक गोल चाक फिरू लागलं. खांबावर, त्यांच्या डोक्याच्या वर, पत्रक चिकटवलेलं होतं. चाक फिरतच राहिलं. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर दोन ओळींत सांगितलं गेलं, की असं ठिकाण सापडत नाही.

"पुन्हा करा," ताई म्हणाल्या.

दादाने पुन्हा केलं. मग गेटाच्या आत जाऊन केलं, उघडलं. बाहेर येऊन केलं; नाही. तो चार-पाच वेळा आत-बाहेर करत राहिला, हट्टी लहान मूल दिव्याचं बटण दाबत राहतं तसा. शेवटी गेटातच थांबला.

"तुम्ही सांगायचं नाही होय?" तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"सांगितलं होतं म्हणे! नीट सांगायला नको?"

जावई आत गेला, आज्ञा दिली आणि पान बाहेर टाकलं. कोणी फायनल म्हटलं नव्हतं. अकरा मिनिटं लागली. पण पाचशे पत्रकांवर जुने आकडे होते, आणि कागदावर सेव्ह करायची सोय नसते.

शुक्रवारी उजाडताच नवरा-बायको जाड पेनं घेऊन निघाले. जिथे पत्रक दिसेल तिथे आकडे खोडायचे आणि खाली फोन नंबर लिहायचा. बायको लिहायची, तो कागद ताणून धरायचा. काही पत्रकांवर आधीच दुसरी पत्रकं चिकटली होती. गायन शिकवणाऱ्या एका बाईंनी बाबांचा टाय झाकला होता. एका बसथांब्यावर कोणीतरी आकड्यांखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा नंबर लागत नाही.' बायकोने ते वाचलं आणि त्यावरून आडवी रेघ मारली.

वाटेत तिचा फोन दोनदा वाजला. दोन्ही फोन नव्या पानाचेच, म्हणजे पान आता खरंच बाहेर होतं. एका इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितलं, असे एक आजोबा बुधवारी जिन्यात मीटरचं खोकं उघडून उभे होते, हाकललं. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी सांगितलं, गुरुवारी सकाळी दार वाजवून "मीटर बंद खोलीत आहे का?" असं विचारत होते, भीतीच वाटली. दोन्ही पत्ते ऐकून बायको फुटपाथच्या कठड्यावर टेकली.

"आई म्हणत होती," ती म्हणाली. "लाईनवर गेलेत. दोनदा म्हणाली."

बाबांच्या लाईनचा नकाशा घरातच होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात छत्तीस वर्षांच्या जुन्या वह्या होत्या. जिने, गल्ल्या, क्रम. सासूबाईंना तर वहीचीही गरज नव्हती. त्यांनी फोनवर गल्ल्या घडाघडा सांगितल्या, "आधी लाकडाच्या वखारीची, मग गिरणीची, मग शाळेमागची," आणि शेवटी म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही गं."

शाळेमागच्या गल्लीत एक छोटी बेकरी होती. पत्रक पैशांच्या गल्ल्यामागे चिकटवलं होतं. बेकरीवाली पन्नाशीची बाई; तिने दोघांना पाहिलं, हातातलं पेन पाहिलं आणि हातातला पावाचा ट्रे खाली ठेवला.

"तुमचे आहेत का ते? अहो, काल इथेच होते की! या खुर्चीवर. चार ते सात."

बायकोने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यानेच विचारलं, "मग?"

"मग काय! आल्या आल्या म्हणाले मीटर कुठाय. दाखवला. हे पत्रक दुपारी एक मुलगा लावून गेलेला, मी म्हटलं, हे तर तेच. बसवलं, चहा-टोस्ट दिलं. तो नंबर लावला, तर म्हणे तपासून बघा. मग भाची म्हणाली, मावशी, हा फोनचा नाही, वेबसाइटचा. तिने टाकला. नुसतं चाक फिरतंय. तीनदा टाकला. दुसरा नंबर नाही, पत्ता नाही, नाव नाही त्यावर. पोलिसात जावं तर दुकानात गिऱ्हाईक. म्हटलं बंद करून नेते त्यांना आठला." तिने पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "सातला उठले. म्हणाले, अजून दोन गल्ल्या राहिल्यात. मी म्हटलं आजोबा, बसा हो. पण उधारीवाला आला, मी वळले, एवढंच."

मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने गल्ल्याखालून टोस्टच्या पाकिटाचा फाडलेला कागद काढला.

"हे लिहायला लावलं मला. माझा मीटर, शेजारच्या टेलरचा, वरच्या दोन बिऱ्हाडांचा. लिहिल्यावर वाचूनही दाखवायला लावलं. दोनदा! चुकले तर रागावले." ती जरा हसली. "मग म्हणाले, हां, तुम्ही नीट काम करता."

जावयाने कागद हातात घेतला. निळ्या पेनाने, थोड्या गिचमिड अक्षरात चार ओळी. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण.

राहिलेल्या दोन गल्ल्यांपैकी पहिलीत बाबांना कोणी पाहिलं नव्हतं. दुसरी आता नव्हती. तिच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं, आत खणलेला मोठा खड्डा आणि कडेला गाड्यांची पार्किंग. छत्तीस वर्षांची लाईन तिथे संपत होती. पहारेकऱ्याला विचारलं, तो सकाळच्या पाळीचा होता. पलीकडे मोठा रस्ता, त्यावर सहा दिशांना जाणाऱ्या बसगाड्या.

कुंपणापाशी उभं राहून त्याने बायकोला मंगळवारचं सांगितलं. लिहिलं नव्हतं, कधीच लिहीत नव्हतो, त्या दिवशी त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, असं सगळं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबाच सांगायचे. म्हणायचे, जावईबापू लिहीत नाहीत, पण ऐकून घेतात."

या वाक्याने त्याला थोडं तरी बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

नंतरचे दिवस येत राहिले आणि जात राहिले. दादा आपल्या घरी गेला; तो आता मीटिंगमध्येही फोन उचलतो असं ताईंनी सांगितलं. ताई रोज संध्याकाळी फोन करतात आणि कोणी काही सांगायच्या आत "बरं" म्हणतात. पोलिसांकडे वर्णन आहे. बाहेरचं पान बाहेर आहे. त्यावर सुरुवातीला रोज पन्नास-साठ माणसं येत, मग सात, मग तीन. फोन येतात, ते दुसऱ्याच म्हाताऱ्यांचे असतात. शहरात इतकी म्हातारी माणसं कोणाच्या ना कोणाच्या जिन्यात उभी असतात, हे त्याला आधी माहीत नव्हतं. खुर्ची जिन्याखाली परत गेली.

घरातलं पान मात्र सासूबाईंच्या फोनवर तसंच उघडं होतं. पहिल्या दिवशी धाकटीने उघडून दिलं होतं तेच. त्या बंद करत नसत आणि कोणाला करू देत नसत. त्यांची समजूत अशी होती, की ते पान हलतं तेव्हा कुठेतरी कोणीतरी बाबांना पाहिलेलं असतं. जावयाने त्यांना तीनदा समजावून सांगितलं, की आई, ते मी सेव्ह करतो म्हणून हलतं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. मग एका सकाळी त्या जिन्याखालच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज हललं नाही हो."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, सवयीने पाठ वाकवून, आणि मीटरसमोर गेला. आठ वाजून गेले होते. त्याने चष्मा कपाळावर चढवला, आकडे वाचले, खुर्चीत येऊन बसला आणि पानाच्या अगदी तळाशी, तिन्ही फोन नंबरांच्या खाली, तारीख घालून टाइप केले. बाहेरच्या पानावर नाही, घरातल्या. सेव्ह केलं.

सासूबाईंच्या हातात पान हललं.

"हां," त्या म्हणाल्या. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. अक्षर बारीक होतं. "काहीतरी नवं आलंय खाली. काय लिहिलंत?"

"रीडिंग, आई. आजचं."

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या.

"वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं. चार, शून्य, आठ, नऊ, सात.